जर्मनीला चाललोय, फोनमध्ये काय काय घालून घेऊ?

खानापूरकर_०७
नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, मेकॅनिकल बेळगावात केलं, आता ऑक्टोबरपासून जर्मनीत मास्टर्स. विसा हातात आलाय एकदाचा. पुण्याचे मित्र मुंबईला अर्ज करून मोकळे झाले, मला म्हणाले तूपण ये की आमच्याबरोबर, पण आपला पत्ता कर्नाटकचा म्हणून आपल्याला बेंगळुरूच, मग रात्रीच्या गाडीनं जाऊन आलो.
प्रश्न ॲपचा हाय. यूट्यूबवर बघुलोय तर एकेक जण पन्नास पन्नास ॲप सांगतोय, माझ्या फोनमध्ये जागाच नाही तेवढी. तिकडं खरंच रोज लागतात ती कुठली आणि जायच्या आधी इथंच काय करून ठेवायचं ते सांगा की कुणीतरी. बाबांना व्हॉट्सॲप सोडून काही येत नाही हेपण लक्षात ठेवून सांगा.

शहापूर_ते_श्टुटगार्ट
अभिनंदन गा! तीन वर्षं झाली मला इथं. ॲपचं नंतर बघू, आधी तुझा इंडियाचा नंबर. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो आणि इथं उतरल्यावर सिम बंद पडलं तर तुझेच पैसे तुला दिसणार नाहीत. मी तेच करून बसलेलो, पहिले आठ दिवस भावाला फोन करून रडत होतो. रोमिंग इथंच चालू करून घे, इसिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) असलेला फोन असेल तर आपलं सिम आतच ठेव आणि जर्मनीचं इसिमवर घे, आणि घरी कुणालातरी रिचार्जची तारीख लिहून दे. कॅलेंडरवर, पेनानं.

आता रोजचं. डीबी नॅव्हिगेटर लागतंच, रेल्वेचं ॲप हाय, कुठल्या प्लॅटफॉर्मला गाडी, किती लेट, सगळं त्यात. लेटचं बोलूच नको, आपल्याकडं उगाच जर्मन टाइम म्हणतात. युनिव्हर्सिटीचं सेमिस्टर तिकीट बऱ्याच ठिकाणी आता देशभर चालतं, लोकल, बस, ट्राम, रिजनल गाड्या सगळं, पण आयसीई म्हणजे लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या नाही, त्यात चुकून बसू नको. आणि तिकीट फोनमध्ये असतं म्हणून बॅटरी सांभाळ. माझा फोन एकदा थंडीत बसल्या बसल्या मेला, नेमका तेव्हाच चेकर आला, ६० युरोची पावती हातात. नंतर ऑफिसात जाऊन माझ्या नावाचं तिकीट दाखवलं तेव्हा ७ युरोवर मिटलं, पण त्या दिवशी घाम फुटलेला. पॉवरबँक खिशात ठेव.

खोलीसाठी वेगे-गेझुख्ट. इथं वेगे म्हणजे चार-पाच जणांनी मिळून घेतलेलं घर, आपल्या कॉटबेसिससारखंच पण स्वच्छ. त्यावर एक प्रकार ठरलेला असतो, घरमालक म्हणतो मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी पोस्टानं येईल. तिथंच सोड. घर बघितल्याशिवाय, निदान ओळखीच्या कुणीतरी जाऊन आल्याशिवाय एक युरो द्यायचा नाही. आणि घर मिळालं की दोन आठवड्यात महापालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, त्याला घरमालकाचा सहीचा कागद लागतो, तो खोली घेतानाच मागून घे. अपॉइंटमेंट ऑनलाइन मिळते पण लवकर मिळत नाही, विमानात बसायच्या आधीच बघायला लाग.

सामानाला क्लाइनआनत्साइगन, जुनी सायकल, टेबल, कुकरसुद्धा मिळेल. आणि टू गुड टू गो टाक, बेकऱ्या आणि हॉटेलवाले उरलेलं संध्याकाळी अगदी कमी पैशात देतात. पिशवीत काय येईल ते आधी कळत नाही, मला एकदा नुसते पावच पाव आले, आठवडाभर मिसळ केली.

टिळकवाडी_टू_लीड्स
मी यूकेत असल्यामुळं जर्मनीचं सगळं सांगता येणार नाही, पण ओटीपीचं वरच्या दादांनी सांगितलं ते सोन्यासारखं. आणखी एक, बाहेर शिकायला गेलं की आपण एनआरआय धरले जातो, साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआय माणसाचं इंडियातलं खातं, करून घ्यावं लागतं. बेळगावात आपल्या ब्रँचला जाऊन फॉर्म आत्ताच भर, तिकडनं करायला गेलं तर कुरिअर, नोटरी, सतराशे साठ भानगडी. मला यूकेचा नंबर एनआरओ खात्याला जोडून यूपीआय वापरता येतं, २०२३ पासून काही देशांच्या नंबरांना परवानगी मिळालीय, तुझ्या देशाचा नंबर त्यात हाय काय ते बँकेत विचार.
डिजिलॉकरमध्ये बारावी आणि डिग्रीचे जेवढे कागद येतात तेवढे घालून ठेव, आणि सगळ्याचे स्कॅन एका फोल्डरमध्ये ऑफलाइन. एअरपोर्टवर नेट लागलं नाही तर क्लाउडमधलं पत्र काय कामाचं.
रूममेट असतील तर खर्च वाटून घ्यायचं स्प्लिटवाइज पहिल्या दिवसापासून वापर. आम्ही पाच मुली, दुधाच्या पैशावरनं झालेलं भांडण अजून आठवतंय.
आणि इथं कुणी यूकेला येणारं असेल तर एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) ॲप आणि १६-२५ रेलकार्ड, रेल्वेचं तिकीट एक तृतीयांश कमी होतं. रेलकार्ड ॲपमध्येच असतं.

निपाणीकर_काका
पोरांनो, माझा मुलगा दोन वर्षं जर्मनीतच आहे म्हणून घरच्यांच्या बाजूनं लिहितो. बाबांना नवीन ॲप शिकवायला जाऊ नकोस, व्हॉट्सॲपच राहू दे. फक्त त्यांच्या फोनच्या पडद्यावर जर्मनीचं घड्याळ लावून जा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो साडेचार होतो. हे आम्हाला माहीत नव्हतं, मंडळी रोज रात्री नऊला फोन लावायची आणि तो लेक्चरमधनं बाहेर येऊन कुजबुजायचा.
पैशाचं, विसासाठी खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवतात त्या ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागले होते, त्यातनं महिन्याला ९९२ सुटतात. खात्याच्या ॲपवर सुटलेत की नाही ते दिसतं. पहिल्या महिन्याचे लगेच सुटत नाहीत कधी कधी, हातात थोडे वेगळे युरो असू देत. घरनं पाठवायची वेळ आली तर आर्थिक वर्षाला १० लाखांवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, एज्युकेशन लोनचे असले तर नाही. आमच्या सीएनं हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.
जाताजाता एक बायकी प्रश्न वाटेल, पण तुझ्या आईला सांग, संकष्टीचा चंद्रोदय तिथं आपल्या वेळेवर नसतो. मुलगा पंचांग बघून उपास सोडायचा, ते निपाणीचं. आता चंद्राचं एक ॲप टाकलंय त्यानं, गाव घातलं की वेळ दाखवतं.

गोगटे_सर्कल
एवढं सगळं नको रे बाबा. भाषांतराचं एक आणि नकाशाचं एक, बास. गूगल ट्रान्सलेटमध्ये जर्मन ऑफलाइन डाऊनलोड करून ठेव आणि दुकानात पाकिटावर कॅमेरा धर, जिलेटिन लिहिलंय काय बघ, गमी चॉकलेटात असतं, शाकाहारी असशील तर. ऑफिसचं लांबलचक पत्र आलं तर डीपएल चांगलं, कोलोनचंच हाय ते.
पण खरं सांगू, बेळगावच्या माणसाला दुसऱ्या भाषेचा बोर्ड बघून घाबरायला काय झालं? आपण घरात मराठी, भाजीवाल्याशी कानडी, बसमध्ये हिंदी करतच मोठे झालो की. शब्द पाठ करायला अँकी हे कार्डांचं ॲप टाक, दिवसाला वीस कार्ड. नुसतं त्या घुबडाच्या ॲपवर, ड्युओलिंगोवर, बसू नको, त्यात मी दोनशे दिवस काढले आणि बेकरीत "एक द्या" एवढंच आलं.

शहापूर_ते_श्टुटगार्ट
गोगटे सर्कलला सलाम 😄 पण एक राहिलंच. आरोग्य विमा ज्या कंपनीचा घेशील तिचं ॲप लगेच चालू कर, ॲक्टिव्हेशन कोड घरी पत्रानं येतो, आणि पत्रपेटीवर तुझं नाव नसलं तर पत्र परत जातं. मी दोन महिने वाट बघुलो होतो पत्राची, पेटीवर नाव आधीच्या भाडेकरूचं. साधी चिठ्ठी चिकटवली, तिसऱ्या दिवशी आलं.
आणि हे दोन नंबर फोनमध्ये सेव्ह कर, ॲपबिॲप नको त्याला. जीवावर बेतलं तर ११२. रात्री ताप चढला, दवाखाने बंद, तर ११६११७.
रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारीच भाजी घे. हे कुठलंच ॲप वेळेवर सांगत नाही.

खानापूरकर_०७
सगळ्यांना थँक्यू हं, काकांना विशेष. आज दुपारी बँकेत जाऊन एनआरओचा फॉर्म आणला, बाबांच्या फोनवर घड्याळपण लावलं, ते आता दर तासाला सांगतात तिकडं किती वाजलेत. पुढच्या आठवड्यात पॉवरबँक आणि इसिमचं बघतो.
शेवटचं विचारतो, ॲपचं नाही. आई दोन किलो कुंदा बांधून देणार म्हणते. चालतो काय न्यायला?

शहापूर_ते_श्टुटगार्ट
न्हाई गा. बाहेरनं युरोपात दुधाचे पदार्थ आणायला बंदी हाय, कस्टमवाला समोर टाकून देतो. चटण्या, मसाला, पोहे आण.

टिळकवाडी_टू_लीड्स
इकडंपण तेच. खाऊन ये भरपूर.