बॉर्डरलाइन असलेल्या मित्रमैत्रिणी आणि त्यांचे उद्रेक : तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. जिवलग मैत्रिणीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा मानसिक विकार) निदान व्हायच्या आधी कित्येक वर्षं मी तिला मनातल्या मनात 'नाटकी' म्हणत होते. एकदा कामाच्या गडबडीत तिच्या लांबलचक मेसेजला मी नुसतं "ओके." पाठवलं. तिने तो पूर्णविराम वाचला! "मी तुझ्या मनातून उतरले ना?" इथून सुरू झालेले सतरा मेसेज. शेवटच्यात मी जगातली सगळ्यात स्वार्थी बाई होते. सकाळी, "तू आहेस म्हणून मी आहे." आता वाटतं, दोन्ही वेळा ती खोटं बोलत नव्हती. तुमचं काय? कुणाचंही नाव, ओळख लिहू नका.

एक मित्र
आम्ही आधी बायपोलर समजत होतो. फरक डॉक्टरांनी सांगितला. बायपोलरमध्ये मूडचा टप्पा सहसा काही दिवस, आठवडे टिकतो. इथे तासा-दोन तासांत चित्र बदलतं आणि बहुतेकदा नात्यातलं काहीतरी निमित्त असतं. माझ्या मित्राचं निमित्त ठरलेलं: भेट रद्द होणं.

मला स्वतःला आहे
'ओके.'चं वाचून हसू आलं, मग पोटात खड्डाही पडला. तो पूर्णविराम मीही वाचला असता. तुम्हाला जिथे ओरखडा उठतो तिथे आमची कातडीच नसते. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही या विकारावरची उपचारपद्धती घडवणाऱ्या मार्शा लिनेहान यांनी भाजलेल्या माणसाची उपमा दिली आहे, जरासा स्पर्शही सहन न होणारा. तरुणपणी त्या स्वतः मानसोपचार रुग्णालयात होत्या, हे त्यांनी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितलं. ते वाचून मी खूप रडले होते.

आणखी एक. भावना पटकन चढते तशी ती उतरत नाही. तुमच्या लेखी भांडण संपलेलं असतं, आमचं अंग अजून थरथरत असतं. तेव्हा "शांत हो" म्हणू नका. "तुला एकटं पडल्यासारखं वाटलं का?" एवढं विचारलं तरी मला श्वास घेता येतो. आणि हो, मी केलेला आरोप मान्य करायची गरज नाही. तो बऱ्याचदा चुकीचाच असतो. दुखणं मात्र खरं असतं.

मैत्री थांबवलेली
इथे सगळे समजूतदार, म्हणून लिहायला संकोच वाटतोय. मला नाही जमलं. रात्री दोनला फोन उचलायचा, नाही उचलला तर शिव्या खायच्या. चार वर्षं काढली. शेवटी माझीच झोप उडाली. निदान कळल्यावर राग गेला, थकवा गेला नाही.

पुन्हा मीच
संकोच कसला? मलाही मर्यादा घालाव्या लागल्या. फक्त त्या भांडणाच्या भरात घालून चालत नाही, तिला ते टाकून देणंच वाटतं. आम्ही एका बऱ्या दिवशी बसून ठरवलं: रात्री अकरानंतर मी उत्तर देणार नाही, सकाळी आठला स्वतःहून फोन करणार. पहिले काही आठवडे तिने मला चांगलंच फैलावर घेतलं. पण मी आठचा फोन चुकवला नाही.

याला एक अपवाद: जीव द्यायची भाषा. ती 'लक्ष वेधायला' आहे असं धरून चालू नका, कितव्यांदाही असो. सरळ विचारा, एकटं सोडू नका, घरच्यांना किंवा डॉक्टरांना लगेच कळवा. ते गुपित ठेवायचं वचन मी देत नाही, हेही तिला आधीच सांगून ठेवलंय.

एक मित्र
आठच्या फोनची कल्पना उचलतोय. आमच्याकडे उलटं झालंय. दोन वर्षं थेरपी घेतल्यावर परवा मी भेट रद्द केली तर त्याचा मेसेज आला, "आत्ता तुझा प्रचंड राग आलाय. उद्या बोलू." मी तो तीनदा वाचला.

मला स्वतःला आहे
त्या "उद्या बोलू"ला किती जोर लागला असेल, मला विचारा!