व्हेपमधले धातू फुफ्फुसात जातात म्हणजे नेमकं काय? लिक्विड बदलून भागतं का?

शंकेखोर:
मंडळी, भाचा अमेरिकेत शिकायला आहे. डिस्पोजेबल व्हेप (संपलं की फेकून द्यायची ई-सिगारेट) ओढतो, निकोटीनचं. अलीकडे कोरडा खोकला लागलाय, ताप नाही. त्याचं म्हणणं, २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढून फुफ्फुस बिघडल्याने जी माणसं दगावली ती गांजाच्या तेलातल्या भेसळीमुळे, निकोटीनवाल्यांना तो धोका नाही. मग हे शिसं-निकेल प्रकरण काय आहे? धातू येतात कुठून? नामांकित कंपनीचं लिक्विड घेतलं तर टळतं का? आणि रक्त तपासायचं तर काय तपासायचं?

तापलेली_तार:
लिक्विडच्या बाटलीत शोधाल तर फारसं सापडणार नाही. धातू मुख्यतः यंत्रातून येतात.

लिक्विड तापवून वाफ करणारी गुंडाळलेली तार म्हणजे कॉइल. ती कँथलची असेल तर त्यात लोह, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम. नायक्रोम असेल तर साधारण ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ व्हेपिंग करणाऱ्यांची स्वतःची यंत्रं तपासली. बाटलीतल्या लिक्विडात धातू नगण्य होते. तेच लिक्विड कॉइलवरून वाफ होऊन बाहेर आलं तेव्हा शिसं, क्रोमियम, निकेल, मँगेनीज, जस्त कितीतरी वाढलेलं होतं. शिसं कॉइलच्या मिश्रधातूत नसतं, तेव्हा संशय जातो तो सोल्डरच्या टाक्यांवर आणि पितळ-ब्राँझच्या जोडण्यांवर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेने २०२५ मध्ये डिस्पोजेबल यंत्रं उघडून पाहिली, तेव्हा काहींमध्ये शिसंयुक्त ब्राँझच्या भागांतून शिसं लिक्विडात झिरपताना आढळलं. डिस्पोजेबलमध्ये लिक्विड कारखान्यातून निघाल्यापासून या भागांना चिकटून पडलेलं असतं, त्यामुळे पहिल्या झुरक्याच्या आधीच काम सुरू झालेलं असतं.

‘कॉइल वारंवार बदला’ हा सल्ला दुकानदार देतात. हॉपकिन्सच्या पाहणीत कॉइल वरचेवर बदलणाऱ्यांच्याच वाफेत धातू जास्त निघाले. नवी तार अधिक सोडते, असा त्याचा एक अर्थ लागतो.

कॉइलपर्यंत लिक्विड पोचवणारा कापूस कोरडा पडला की तारेचं तापमान एकदम चढतं आणि वाफेत फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन ही विषारी रसायनं वाढतात. लागोपाठ झुरके, जास्त वॅट, तळाला गेलेलं लिक्विड, ही त्याची कारणं. जळकी चव ही त्याचीच खूण.

छातीचा_डॉक्टर:
भाच्याचं म्हणणं अर्धं खरं. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुफ्फुस बिघडलेले २,८०७ रुग्ण नोंदले गेले, ६८ मृत्यू. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसातलं धुवण (नळीने द्रव आत सोडून परत ओढलेला नमुना) तपासलं तर ४८ जणांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं. गांजाचं तेल दाट दिसावं म्हणून ते मिसळायचे. पण ज्यांच्या वापराची माहिती मिळाली त्यातल्या १४ टक्के रुग्णांनी फक्त निकोटीन ओढल्याचं सांगितलं. काहींनी गांजा लपवला असेल, मान्य. तरी ‘निकोटीनवाल्यांना धोका नाही’ असं त्यावरून म्हणता येत नाही.

या आजाराच्या निदानाचे निकष: मागच्या ९० दिवसांत व्हेपिंग, एक्स-रे किंवा सीटीवर दोन्ही बाजूंना डाग, संसर्ग नाही, दुसरं कारण नाही. म्हणजे आधी न्यूमोनिया, फ्लू, कोविड बाजूला काढावे लागतात. मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी ही लक्षणंही बऱ्याच जणांत होती. पोटाचं औषध घेत दिवस काढू नका.

ऑक्सिमीटर आहे का? बसून एक रीडिंग, मग जिना चढून लगेच दुसरं. बोटाला नेलपॉलिश नको, हात गरम हवा.

कारखाना_आरोग्य:
धातूंचं दुखणं वेगळं, ते हळू चालतं. भोसरी-चाकणकडे कार्बाइड टूलच्या ग्राइंडिंगवर बसणाऱ्यांना हा धोका माहीत असायला हवा. टंगस्टन कार्बाइडला धरून ठेवणारा कोबाल्ट धुळीतून आत जातो, काहींच्या फुफ्फुसात महाकाय पेशी दिसतात, मग व्रण धरतात, म्हणजे फुफ्फुस जागोजागी कडक होतं. २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी हेच चित्र गांजाचं व्हेप ओढणाऱ्या एका बाईंच्या बायोप्सीत पाहिलं. त्या कुत्र्यांना शिकवण्याचं काम करत, कारखान्याशी संबंध नाही. व्हेपच्या वाफेत कोबाल्ट निघाला. एकच रुग्ण आहे, त्यावरून प्रत्येक खोकल्याला कोबाल्ट लावू नये.

तपासणीचं म्हणाल तर रक्तातलं शिसं करून घ्या, नमुना धातूंसाठीच्या खास नळीत घ्यायला सांगा, साध्या नळीतल्या दूषणाने आकडा फसवा येतो. लघवीतला कोबाल्ट फक्त ताजा संपर्क दाखवतो. व्हेप सोडून काही आठवडे झाले की तो नॉर्मल येऊ शकतो, आणि फुफ्फुस तरी बिघडलेलं असू शकतं. फुफ्फुस कळायला एचआरसीटी (फुफ्फुसाचा बारीक तपशिलाचा सीटी स्कॅन) आणि डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो त्याची श्वासचाचणी) याच लागतात. नेटवर ‘धातू उतरवणारे’ डिटॉक्स विकतात, त्याने फुफ्फुसातला व्रण जात नाही.

शंकेखोर:
फोनवर करून घेतलं. ऑक्सिजन बसून ९६, दोन जिने चढून ९१. इकडून प्रेडनिसोलोनची (स्टिरॉइडच्या गोळ्यांची) पाकिटं पाठवू का? डिसेंबरात तो पुण्याला येणारच आहे.

छातीचा_डॉक्टर:
डिसेंबर नको, आजच इमर्जन्सीत जायला सांगा. चढल्यावर पाच अंकांची घसरण किरकोळ नाही. गोळ्या पाठवू नका: संसर्ग असेल तर स्टिरॉइडने तो बळावतो, आणि आधीच गोळ्या सुरू असल्या तर धुवणाचा अर्थ लावणं अवघड होतं. ते गरज पाहून रुग्णालयात देतील.

तिथे ब्रँड, चव, शेवटचा झुरका कधी, गांजा ओढला असेल तर तोही, सगळं सांगू दे. वापरलेलं यंत्र फेकू नये. उभं धरून झिपच्या पिशवीत, उन्हापासून लांब. घाईत घरीच राहिलं, तर दाखल झाल्यावर आणून दिलं तरी उपयोगी पडतं. रुग्णालयातून घरी सोडल्यावर ४८ तासांत पुन्हा दाखवायचं, सुरुवातीला बरे वाटलेले काही रुग्ण परत दाखल झाले होते.

तापलेली_तार:
आणि पुण्याला येताना ते व्हेप खिशात टाकून आणायला लावू नका. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात गुन्हा आहे, पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.