त्सुरायुकीने डायरी बाई बनून का लिहिली?

तोसा डायरी वाचतेय, दहाव्या शतकातली जपानी प्रवासाची रोजनिशी, तोसाहून राजधानीला परततानाची. लेखक की नो त्सुरायुकी, दरबारी कवी, तोसा प्रांताचा गव्हर्नर, आणि पहिल्याच ओळीत बाई म्हणून बोलतो. का बरं?

> तेव्हा पुरुष रोजनिशी चिनीत लिहायचे, काना ही जपानी लिपी बायकांची समजायचे. पण ह्याचा जपानीवर जाम जीव, ९०५ च्या सुमाराला कोकिनशू हा जपानी कवितांचा संग्रह चौघांनी संपादला त्याची काना प्रस्तावनाही ह्याचीच.

> मला तर त्याची मुलगी हेच खरं कारण वाटतं. तोसात वारली ती, ९३५ ला राजधानीत घरी पोचले तर बाग पडीक, जुन्या पाइनमध्ये नवी रोपं उगवलेली आणि पोर नाही, हे सरकारी चिनीत कसं लिहिणार?

> पटलं. आता कोकिनशू घेते वाचायला.