कॅल्शियमने यीस्टचे पुंजके होतात, मग स्ट्रॉन्शियमने का होत नाहीत?

निवळशंख:
पदव्युत्तर प्रकल्पासाठी आम्ही बिअरच्या यीस्टचा पुंजके करणारा एक वाण वापरत आहोत. पेशी ईडीटीएने (धातूंचे आयन बांधणाऱ्या रसायनाने) धुतल्या की पुंजके सुटतात आणि द्रावण गढूळच राहते. त्यात कॅल्शियम क्लोराइड घातले की काही मिनिटांत साका तळाशी बसतो. पेशीभित्तिकांवरील ऋणभारांना कॅल्शियम सांधते, असे आमच्या टिपणांत आहे. तसे असेल, तर तेवढाच भार असलेल्या स्ट्रॉन्शियमनेही पुंजके व्हायला हवेत. प्रत्यक्षात ते वाढवत नेले की झालेले पुंजकेही सुटू लागतात. मॅग्नेशियमने मात्र थोडे होतात. याची संगती कशी लावावी?

कणीदार:
कॅल्शियम दोन ऋणभारांमधला पूल होते, ही कल्पना आता मागे पडली आहे. पेशींना धरून ठेवतात ती फ्लो१ सारख्या जनुकांपासून बनणारी प्रथिने, जी शेजारच्या पेशीच्या भित्तिकेवरील मॅनोज या साखरेच्या साखळ्या पकडतात. कॅल्शियम या पकडीच्या खाचेतच बसते आणि साखरेचे हायड्रॉक्सिल गट थेट त्याला जोडले जातात. त्यामुळे नुसता भार सारखा असून भागत नाही, आकारही जुळावा लागतो. कॅल्शियम आयनाची त्रिज्या सुमारे १०० पिकोमीटर, स्ट्रॉन्शियमची ११८ आणि बेरियमची १३५. हे दोघे जागा अडवतात, पण पकड घडवत नाहीत. कॅल्शियम असतानाच मॅनोज घालून पाहा. पुंजके सुटले, तर ते निव्वळ भारांच्या ओढीने झालेले नव्हते, हे उघड होईल.

प्रयोगवही:
मॅग्नेशियमच्या निष्कर्षावर मी इतक्यात विश्वास ठेवणार नाही. त्याच्या क्षारात कॅल्शियमचा अंश असू शकतो, पेशींतूनही ते पाझरते, आणि पुंजके व्हायला ते फारच थोडे पुरते. ईडीटीए दोन्ही धातू बांधते. त्याऐवजी कॅल्शियमला अधिक घट्ट धरणारे ईजीटीए मॅग्नेशियमसोबत घाला. तरीही पुंजके टिकले, तरच श्रेय मॅग्नेशियमला द्या. फॉस्फेट बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) वापरत असाल तर तो आधी बदला, कारण तो कॅल्शियम अडकवतो, ४.५ सामूचा ॲसिटेट बफर बरा.

निवळशंख:
बफर फॉस्फेटचाच होता! आणखी एक शंका: वर्टमध्ये (ज्यापासून बिअर होते त्या माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या धान्याच्या, गोड अर्कात) माल्टमुळे कॅल्शियम असतेच, मग यीस्ट पहिल्याच दिवशी तळाशी का बसत नाही?

कणीदार:
बिअरच्या बहुतेक वाणांत मॅनोजखेरीज ग्लुकोज आणि माल्टोजही ती खाच अडवतात. साखर संपत आली की खाच मोकळी होते, म्हणून पुंजके किण्वनाच्या शेवटी दिसतात. तुमचा वाण त्यांतला आहे का, हे माल्टोज घालून कळेल.