गुलामांची आत्मकथनं: अलंकारांनी साक्ष पातळ होते का?

निळीशाई:
अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ सालचं आत्मकथन परवा संपवलं. एका ठिकाणी मात्र अडखळले. मालकानं कोव्ही नावाच्या शेतकऱ्याकडे 'वठणीवर आणायला' पाठवलेला हा पोरगा चेसापीक उपसागराच्या काठी उभा राहून पांढऱ्या शिडांच्या जहाजांशी बोलतो. तुम्ही मोकळी, मी साखळीत, वगैरे. चेतनगुणोक्ती, उद्गार, सगळा थाट. मार खाऊन पिचलेलं माणूस असं बोलतं? त्यापेक्षा लहानपणचं ते वाक्य बघा: थंडीनं पायाला अशा भेगा पडल्या होत्या की आत्ता लिहितोय ती लेखणी त्यांत ठेवता येईल. संपलं. अलंकार नाही, काही नाही.

कोकणकडा:
नाही कसा? भेग गुलाम पोराची आणि लेखणी लेखकाची, दोन्ही एका वाक्यात! दिसला नाही म्हणजे झकास जमलाय. आणि पन्नास सेंटला वक्तृत्वाचं पुस्तक विकत घेऊन घोकलेला माणूस आहे तो, भाषण करणारच. गुलामाला लिहिता येतं यावरच लोकांचा विश्वास नव्हता. शीर्षकपानावर 'स्वतः लिहिलेलं' छापलं, वर दोन गोऱ्यांची हमी जोडली. थाट हाच तिथे पुरावा.

निळीशाई:
लेखणीचं मान्य. पण हाच थाट हॅरिएट जेकब्जच्या, तीही गुलामगिरीतून सुटलेली, अंगाशी आला ना! 'लिंडा ब्रेंट' या नावानं, तेव्हाच्या कादंबऱ्यांच्या ढंगात लिहिलेलं आत्मकथन तिनं १८६१ साली छापलं. अभ्यासक कित्येक वर्षं कादंबरीच समजत राहिले. १९८०च्या दशकात जीन फॅगन येलिन या अभ्यासक बाईंनी पत्रं धुंडाळून ते खरं ठरवलं.

माळ्यावरची:
मग चूक तिची की न मानणाऱ्यांची? आजीच्या घराचा माळा नऊ फूट लांब, सात रुंद, उंची जेमतेम तीन. तिथे ती जवळजवळ सात वर्षं लपली. हाती लागलेल्या गिरमिटानं भोकं पाडून खाली स्वतःची लेकरं बघायची. मालक अंगचटीला यायचा, हे त्या काळच्या बायकांना सांगायचं तर त्यांच्या ओळखीचीच भाषा हवी. आणि शेवटी बघा, माझी गोष्ट स्वातंत्र्यानं संपते, नेहमीसारखी लग्नानं नाही, असं वाचकालाच सुनावते. कादंबरीचा साचा घेतला आणि मोडलाही.

कोकणकडा:
फुल्यांनी १८७३ची 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. तीही जोतीराव-धोंडीबा संवादात. रचलेला संवाद म्हणून ती खोटी?

निळीशाई:
गल्लत करताय. ते आत्मकथन नाही, तिथे साक्षीचा प्रश्नच वेगळा. गिरमिटाचं प्रकरण पुन्हा वाचते. जहाजांचं मात्र अजून पटलेलं नाही.