चार आजार, तीन चिठ्ठ्या, अकरा गोळ्या: गृहभेटीत आधी काय बघावं?

प्रश्न
पंचाहत्तरीच्या आजी, एकट्या राहतात. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, आता मूत्रपिंडही कमजोर. साखर कधी 60, कधी 300. डॉक्टर तीन, एकमेकांच्या चिठ्ठ्या कुणी बघत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर 1
घरातली सगळी औषधं एकत्र मांडा. काढे, चूर्णं, दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यासुद्धा. एकच औषध दोन नावांनी चालू असणं नेहमीचंच. मग एक त्रिकूट मुद्दाम शोधा: रक्तदाबाची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने नाव संपणारी गोळी, लघवीची गोळी आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन. तिन्ही मिळून मूत्रपिंडातला गाळणीचा दाब पाडतात. त्यात जुलाब लागले की क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट गाळत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) झपाट्याने चढतं. असं दिसलं तर वेदनाशामक बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने पाय सुजतात, सुजेवर लघवीची गोळी मिळते, मग रात्रीचं उठणं आणि पडणं. म्हणून रक्तदाब आधी झोपवून घ्या, मग उभं करून 1 आणि 3 मिनिटांनी. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर तसं चिठ्ठीवर लिहून पाठवा.

उत्तर 2
60 आणि 300 चं उत्तर बहुधा ताटात आहे. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लॅमाइड घेतलं आणि जेवण टळलं की साखर कोसळते. कमजोर मूत्रपिंडात ग्लिबेनक्लॅमाइड साठूनही राहतं. जेवण का टळतं ते विचारा. महिनाअखेर पैसे संपतात? ओट्याशी उभं राहवत नाही? दात नाहीत? हे न विचारता डोस वाढवणं धोक्याचं. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ याला सगळेच हो म्हणतात. त्यापेक्षा पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजा.

अनेक आजार म्हातारपणीच जडतात असं समजून वयाचीही वाट बघू नका. स्कॉटलंडमधल्या सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या 2012 च्या अभ्यासात सर्वांत गरीब वस्त्यांत एकाहून अधिक आजार 10 ते 15 वर्षं आधी जडलेले दिसले.

प्रश्नकर्ती
पैसे पुरावेत म्हणून आजी मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी अर्धी करून घेतात. चालेल?

उत्तर 1
पाकिटावर ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सआर’ असेल तर सहसा तोडायची नाही. हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटू शकतं. साधी गोळी तुटते, पण अर्धा डोस डॉक्टरांना ठाऊक हवा, नाहीतर ते औषध लागू पडत नाही असं समजून दुसरं जोडतील. ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) 30 च्या खाली असेल तर मेटफॉर्मिनच नको.