मदत हवी आहे: अहिल्यानगरच्या युद्धेतिहास सहलीत विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष काय करून घ्यावे?

फळा_खडू
नमस्कार. या आठवड्याच्या आत मुख्याध्यापकांना सहलीचा आराखडा द्यायचा आहे आणि माझे घोडे एकाच ठिकाणी अडले आहे. सकाळी अहिल्यानगरचा भुईकोट किल्ला आणि दुपारी रणगाडा संग्रहालय, एवढे ठरले आहे. गाईड पुढे, मुले मागे आणि शेवटी सगळ्यांचा एक फोटो, अशी सहल मला न्यायची नाही. तट कसा टिकला, रणगाडा कशामुळे रुतला, हे मुलांनी स्वतः मोजून आणि करून शोधावे, अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी कोणते उपक्रम घेता येतील? कृपया लवकर सुचवावे.

तटबंदी
ताई, मुले कितवीची आहेत, किती आहेत, कुठून निघणार आणि कोणत्या महिन्यात, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. सातवीच्या मुलांना जे देता येते ते नववीला पोरकट वाटते. शिवाय किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. परवानगीचे पत्र गेले आहे का?

सह्यभटक्या
माझे स्पष्ट मत असे आहे की भुईकोट पाहून मुलांना वेढा समजत नाही. त्यांना पुरंदरला न्यावे. १६६५ मध्ये मुघल सरदार दिलेरखानाने आधी शेजारचा वज्रगड का घेतला, हे पुस्तकात कितीही वेळा वाचले तरी पुरते कळत नाही. पुरंदरच्या माचीवर उभे राहून समोर वज्रगड पाहिला, की तिथे चढवलेली तोफ माचीवर कशी मारा करणार, हे मुले आपणहून सांगतात. पुरंदर लढवणाऱ्या मुरारबाजींनी बाहेर पडून हल्ला का केला, हेही तिथेच उमजते.

तटबंदी
पुरंदरही लष्कराच्याच ताब्यात आहे, त्यामुळे परवानगीचा प्रश्न तिथेही सुटत नाही. आणि ठिकाण ठरले आहे, असे ताईंनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. डोंगरी किल्ल्याला उंचीचे बळ असते. भुईकोटाला खंदक, तटाची जाडी आणि आतल्या माणसांची जागरूकता यांवरच तगावे लागते. तो वेगळा धडा आहे आणि तो नगरलाच उत्तम शिकवता येतो.

मर्दानी_आखाडा
प्रत्यक्ष अनुभवच द्यायचा असेल, तर दांडपट्टा आणि लाठीचे प्रात्यक्षिक ठेवावे. मुलांच्या हातात शस्त्र आल्याखेरीज इतिहास अंगात भिनत नाही, हा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

फळा_खडू
सर्वांचे आभार, पण वेळ थोडा असल्याने मुद्द्यावर राहावे, ही विनंती. नववीचे ८४ विद्यार्थी आहेत. पुण्याहून पहाटे निघून रात्री परत यायचे आहे. डिसेंबरचा दुसरा आठवडा ठरला आहे. परवानगीचे पत्र अद्याप पाठवलेले नाही, कारण पत्रासोबत उपक्रम जोडावेत, असे मुख्याध्यापकांचे म्हणणे आहे. दांडपट्टा शाळेत स्वतंत्रपणे घेता येईल. बसमधून उतरलेल्या ८४ मुलांच्या हाती तो देण्याची जबाबदारी मी घेऊ शकत नाही.

मर्दानी_आखाडा
प्रशिक्षक सोबत असेल तर काहीही होत नाही. मुलांना कागद-पट्टीत अडकवून ठेवल्यानेच त्यांना इतिहास नकोसा होतो.

तटबंदी
हे मला मान्य नाही. पट्टी कशासाठी हातात घ्यायची हे कळले, की मुले ती सोडत नाहीत. नववीला त्रिकोणमिती आहे, तिचा उपयोग करावा. कोनमापकाच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवायची, मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला एक नट लटकवायचा. खंदकाच्या बाहेरच्या काठावरून एका मुलाने नळीतून तटाचा माथा पाहायचा आणि दुसऱ्याने दोरा कुठे स्थिरावतो ते वाचायचे. तटाच्या पायाशी जाता येत नाही, म्हणून वीस मीटर मागे सरकून दुसरा कोन घ्यायचा. दोन कोनांवरून डोळ्याच्या पातळीपासूनची उंची निघते, तीत डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवली की काठापासूनची उंची मिळते. त्यानंतर एकच प्रश्न विचारावा, की एवढी शिडी खंदकातून आणायची कशी. शिडी चालत नाही आणि तोफेने तट पडत नाही, हे पटले, म्हणजे १५९६ मध्ये याच किल्ल्याला वेढा घालताना मुघलांनी सुरुंगांचा मार्ग का धरला, ते सांगावे लागत नाही.

वेढा_आणि_वाट
तटबंदी यांच्याशी सहमत आहे आणि त्याला जोड देतो. अकबराचा मुलगा शाहजादा मुराद याच्या फौजेने तटाखाली सुरुंग खणून त्यांत दारू भरली. आतल्यांनी त्यांतले काही शोधून निकामी केले, तरी एक उडालाच आणि तटाला मोठे भगदाड पडले. किल्ला लढवणारी चांदबिबी स्वतः भगदाडाशी उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतले. आतल्या माणसाला खोदकामाची चाहूल कशी लागत असेल, हे शाळेच्या मैदानावर आदल्या दिवशी करून पाहता येते. एका मुलाने काही अंतरावर पहारीने जमीन ठोकायची आणि दुसऱ्यांनी हलगी जमिनीवर ठेवून तिच्यावर मोहरीचे दाणे पसरायचे. दाणे थरथरायचे कुठे थांबतात, ते अंतर फूटपट्ट्यांनी मोजावे. कठीण मुरूम आणि भुसभुशीत माती यांत किती फरक पडतो, तेही पाहावे. जुन्या वेढ्यांत नगाऱ्यावरचे दाणे किंवा परातीतले पाणी अनेक देशांत याच कामासाठी वापरत असत. किल्ल्यात मात्र एक खडाही हलवू नये.

छावणीपुत्र
मुलांना सैन्यात जायचे असल्यास छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेची चौकशी दहावीतच करावी. मुलींसाठी आता नाशिकला तशी संस्था आहे.

फळा_खडू
माहिती उपयुक्त आहे, पालकसभेत सांगेन. सुरुंगाचा उपक्रम मला फार आवडला. आता रणगाड्यांचे काय? तिथे वर चढू देत नाहीत, असे ऐकले आहे.

यंत्रशाळा
चढण्याची गरजही नाही. आठवीच्या विज्ञानात ‘बल व दाब’ होता, तो इथे बाहेर काढावा. संग्रहालयातला सेंच्युरियन रणगाडा सुमारे ५१ टनांचा असतो. पट्ट्याची रुंदी ६१ सेंटिमीटर आणि जमिनीला टेकलेली लांबी सुमारे साडेचार मीटर धरली, तर दोन पट्ट्यांखाली दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षाही थोडे कमी वजन येते. मुले ज्या बसमधून येतील, तिच्या चाकांत हवा दर चौरस सेंटिमीटरला साधारण सात किलो दाबाने भरलेली असते आणि चाक जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देते. रणगाडा बसपेक्षा जमिनीला हलका पडतो, हे मुलांनी आकडेमोड करून स्वतः काढले पाहिजे. परवानगी मिळाली तर टेपने मोजावे, नाही तर शेजारून पावलांनी.

वेढा_आणि_वाट
आणि मग १९६५ च्या भारत-पाक युद्धाचा प्रश्न विचारावा: दाब इतका कमी असूनही पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन रणगाडे का रुतले? तिथली शेते पाणी सोडून चिखलमय केली होती. तशा मातीला तेवढा भारही पेलला नाही. नववीच्या इतिहासात १९६० नंतरचा भारत आहे, त्यामुळे विषयही जुळतो. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १९७१ च्या युद्धात बसंतरच्या लढाईत पुना हॉर्स या रणगाडा-पलटणीतून सेंच्युरियनच घेऊन लढले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी हुतात्मा झाले. पट्टा मोजून झाल्यावर हे सांगितले, तर मुले वेगळ्या नजरेने तो रणगाडा पाहतील.

सह्यभटक्या
असा आराखडा असेल तर नगर योग्यच आहे. तरी पुरंदर पुढच्या वर्षासाठी डोक्यात ठेवावे.

तटबंदी
ताई, पत्र शाळेच्या लेटरहेडवर द्यावे. त्यात तारीख, वेळ, विद्यार्थ्यांची यादी, सोबतच्या शिक्षकांची नावे आणि कोनमापक व टेप वापरण्याची स्पष्ट विनंती असावी. ओळखपत्रे सर्वांजवळ हवीत आणि छायाचित्रणाचे नियम आधीच विचारून घ्यावेत. दहा मुलांमागे एक शिक्षक धरल्यास नऊ जण लागतील. एसटीने गेल्यास शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते, ती आगारात विचारावी.

फळा_खडू
मनापासून आभार. पत्र उद्याच पाठवते. सहा-सहा मुलांचे चौदा गट करून प्रत्येक गटाला एक कोनमापक देईन. हलगी कोणाकडे आहे, हे आता वर्गात विचारते.